राणीचा नवरा, मुक्काम अहमदनगर

वरवंडला सोलापूर रस्त्याच्या कडेला उभे राहा आणि खिसे रिकामे करा. मोबाइल, पाकीट, चष्मा, मनगटावरचं घड्याळ, सगळं खाली ठेवा. बूट पायात राहू देण्याचा मोह होईल, तोही आवरा. आता डोळे मिटा. पाटसच्या साखर कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरवरची गाणी आधी विरतील, मग ट्रकचे हॉर्न, मग वडापावच्या कढईची चरचर. डोळे उघडाल तेव्हा डांबर गेलेलं असेल. व्हिक्टोरिया तलाव नाही, कालवा नाही, नजर पोचेल तिथवर पसरलेला ऊस नाही. बोरी-बाभळीचं माळरान, मधूनमधून कापणीला आलेली बाजरी आणि वर पावसाळा सरल्यानंतरचं कडक ऊन. साल १५६४. एवढ्यात तळपायात बाभळीचा काटा घुसतो आणि तुम्ही पोचल्याची खात्री पटते.

आज आपल्याला जायचंय एका राणीच्या नवऱ्याकडे. ही राणी पुढे जेमतेम चार-पाच वर्षं राज्य चालवणार आहे. नवऱ्याला अर्थातच याचा पत्ता नाही. आपण राजा आणि ती आपली बायको, अशी त्याची ठाम समजूत आहे. ती आज मोडायची नाही.

तो राहतो नगरला. चालत निघालात तर तीन-चार दिवसांची वाट, आणि एकट्याने जायची ही वाट नव्हे. तो बघा, वंजाऱ्यांचा तांडा येतोय. आधी घुंगरांचा आवाज, मग धुळीचा लोट, मग पाठीवर मिठाच्या आणि धान्याच्या गोण्या घेतलेले बैल. त्यांच्या मागे लागा. दोन तासांत अंगाला बैलांचा वास येऊ लागेल. सगळ्यांनाच येतो, त्यामुळे कुणी नाक मुरडणार नाही.

दुपारी सावलीला बसाल तेव्हा कुणीतरी भाकरी पुढे करील. जाडजूड, चुलीवरची, धुराचा वास लागलेली. सोबत कांदा, लसूण आणि कारळ्याची चटणी. पहिला घास घेताच काहीतरी चुकल्यासारखं वाटेल. मिरची नाही! पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती किनाऱ्याला लागली असेल-नसेल, घाट चढून देशावरच्या चुलीपर्यंत पोचायला तिला अजून अवकाश आहे. तिखट हवं असेल तर मिरी आणि आलं. शेंगदाणा मागू नका, बटाटा मागू नका, टोमॅटो तर मुळीच नाही. उपास असेल तर जास्तच पंचाईत, कारण साबुदाणाही नाही. गूळ मात्र आहे. तो खा आणि उठा.

भीमेला अजून पाणी आहे. पेडगावच्या काठावर यादवांच्या वेळची देवळं उन्हात तापलेली दिसतात. उतारावर सांगड लागलेली आहे, म्हणजे वाळक्या भोपळ्यांवर बांधलेला बांबूचा तराफा. त्यावर तुम्ही, दोन बायका, एक शेळी आणि तुपाचा बुधला. मध्यावर सांगड एका अंगाला कलते, शेळी ओरडते आणि तुम्ही शेळीलाच घट्ट धरता. पलीकडे उतरल्यावर वाट चांभारगोंद्याची, म्हणजे आजच्या श्रीगोंद्याची. याच भीमेच्या काठी हिंगणी-बेरडी, देऊळगाव या गावांची पाटीलकी भोसल्यांकडे आहे. आज ते साधे पाटील आहेत. वाटेत भेटले तर रामराम करा, पुढचं काही सांगत बसू नका.

नगर दिसण्याआधी कानावर पडतं. छिन्नी-हातोड्यांची टकटक, तांबटांची ठोकठोक, हत्तींच्या गळ्यातल्या घंटा. मग वास येतो: ओला चुना, लीद, भाजलेलं मांस, धूप. सीना ओलांडताना पाणी घोट्याच्या वर येत नाही आणि तुम्ही म्हणाल, ही कसली नदी! असं इथे मोठ्याने म्हणू नका. दोनच वर्षं होताहेत, विजयनगरचा रामराया नगरला वेढा घालून याच काठावर छावणी टाकून बसला होता. एका रात्री वरच्या अंगाला पाऊस झाला आणि या नदीने त्याचे हत्ती-घोडे आणि माणसं झोपेतच वाहून नेली. नगरकर ती गोष्ट अजून रंगवून सांगतात आणि दर वेळी हत्ती थोडे वाढतात.

बाजारात शिरलात की खांद्याला खांदे लागतात. इराणी घोडेवाला किंमत फारसीत सांगतो, गिऱ्हाईक दखनीत घासाघीस करतं, दलाल मराठीत शिव्या देतो आणि व्यवहार होतो. बाजूने दोन हबशी शिलेदार जातात, गर्दी आपसूक दुभंगते. हौदाशी थांबून पाणी प्या. ते गार आहे, कारण कापूरवाडी-वडगावच्या बाजूने जमिनीखालच्या खापरी नळांतून खेळत आलेलं आहे. फक्त कुणाला धक्का मारू नका. राणीच्या नवऱ्याचे, म्हणजे सध्याच्या शहाचे, आजोबा, हे शहर वसवणारे अहमद निजामशहा, यांना तलवारबाजीचं भारी वेड. त्यांच्या काळात भांडण झालं की दोघांनी एकेक तलवार घेऊन ते तिथेच मिटवायचं, अशी पद्धतच पडली. फिरिश्ता हा इतिहासकार पुढे याच शहरात वाढला. तो लिहितो की राजवाड्यासमोर रोज दोन-तीन मुडदे पडू लागले. शेवटी हुकूम निघाला की मरायचं असेल तर शहराबाहेर, काळ्या चबुतऱ्यापाशी जाऊन मरा. तेव्हा माफी मागा आणि पुढे चला.

किल्ला समोर आहे. आधी इथे मातीचा कोट होता. वेढ्यांचा मार खाल्ल्यावर सध्याच्या शहाने घडीव दगडाचा नवा बांधून घेतला. अजून दगडांवर टाक्यांचे घाव ताजे आहेत, चुना पांढराधोट आहे आणि खंदक असा खोल की वाकून बघितलं तर पोटात गोळा येतो. दरवाजावरचा पहारेकरी तुमच्याकडे नखशिखांत बघतो. अनवाणी, धुळीने माखलेले, शेळीच्या वासाचे. तो तुम्हाला आत सोडणार नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलंय.

मग एक काम करू. शहाला भेटायला कशाला जायचं? सरळ त्याच्याच अंगात शिरू.

तुम्ही आता हुसेन निजामशहा आहात. वय चाळिशीच्या आसपास. पहाटेची नौबत झडतेय आणि उशाशी डझनभर माणसं उभी आहेत. एकाच्या हातात तस्त, एकाच्या हातात सुरई, एकाकडे रुमाल, एकाकडे मोरचेल आणि बाकीच्यांच्या हातात काहीच नाही, ते नुसते उभे आहेत. तुम्ही जांभई दिली की सगळे सावध होतात. पाठीला खाज सुटली तर स्वतः खाजवायची सोय नाही. हात उचललात की चार जण धावतात. गुलाबपाण्याने तोंड धुतलं जातं. मलमलीचा जामा अंगावर चढतो, कमरेला पटका, पटक्यात कट्यार. ती बरगडीला टोचते. ती तशीच टोचणार, कारण तुम्ही गादीवर आलात ते भावाशी झगडून. या घरात भाऊ नावाचं नातं कट्यारीशिवाय निभत नाही.

नमाज होते आणि शिकारखान्याचा माणूस ससाणा घेऊन येतो. हातात कातडी मोजा चढवा. ससाणा मनगटावर बसला की पहिल्यांदा जाणवतो त्याचा हलकेपणा, आणि मग कातड्यातूनही रुतणाऱ्या नख्या. त्याच्या डोळ्यांवरची टोपी काढली जाते. तो मान वळवून तुमच्याकडे बघतो, एकदाच, आणि मग तुम्ही त्याच्या दृष्टीने संपता. सगळ्या दरबारात तुम्हाला मुजरा न करणारा हा एकटाच नोकर. घराण्यालाच ‘बहरी’, म्हणजे ससाणा, म्हणतात. तुमचे पणजोबा मुळात पाथरीच्या कुलकर्ण्यांचे. लढाईत धरले गेले, मुसलमान झाले आणि बहमनी दरबारात चढत चढत वजीर झाले. वहीखातं सांभाळायचं त्या हातांच्या वंशात आता ससाणा आणि तख्त आलंय.

दरबार भरतो. दालनात दोनशे माणसं, दोनशे घाम आणि दोनशे अत्तरं. उजवीकडे इराणातून, तुर्कस्तानातून आलेले परदेशी अमीर, डावीकडे दखनी आणि हबशी. दोन्ही बाजू तुमच्याकडे अदबीने आणि एकमेकींकडे खुन्नसने बघतात. चौलहून बातमी आली आहे, म्हणजे पोर्तुगीज पुन्हा कुरकुरत असणार. मग परगण्यांचा हिशोब. तो ब्राह्मण कारकुनांच्या तोंडून येतो, खाली मान घालून, एका सुरात. तुम्हाला पेंग येते. राजाला पेंग येऊ शकत नाही, म्हणून तुम्ही विचारात पडल्यासारखं दाखवता. सगळा दरबार गंभीर होतो.

आज मात्र सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे आहे: लग्नं. तुमची लेक चांद विजापूरच्या अली आदिलशहाला द्यायची आणि त्याची बहीण हदिया तुमच्या मुर्तजासाठी सून म्हणून आणायची. साट्यालोट्याचा मामला. हुंड्यात सोलापूरचा किल्ला द्यायचा ठरलाय. ज्या सोलापुरासाठी तुमच्या वडिलांनी आणि आदिलशहांनी वर्षानुवर्षं एकमेकांची माणसं कापली, तो आता शालूबरोबर पाठवायचा. किल्ल्याचं दुःख जास्त की लेकीचं, हे तुम्हाला कुणी विचारत नाही. चौदा-एक वर्षांची पोर आहे. हीच पुढे चांदबीबी म्हणून याच तटावर मोगलांसमोर उभी राहील, पण आज ती फक्त सासरी जाणारी मुलगी आहे आणि अख्खा जनाना रडण्याची तयारी करतोय.

मुदपाकखान्यातून वास येऊ लागतो. केशर, तूप, लवंग, मंद आचेवर शिजणारं बोकडाचं मांस. दस्तरखान पसरतो आणि तुमच्या तोंडाला पाणी सुटतं. थांबा! आधी एक माणूस प्रत्येक ताटातला घास खाणार, मग सगळे मिळून तो मरतो का हे बघणार. तो जिवंत राहतो. तोवर पुलावाच्या वाफा गेलेल्या असतात. राजाला आयुष्यात गरम जेवण मिळत नाही. वंजाऱ्याच्या भाकरीची आठवण इथे तुम्हाला येईल.

जेवण झाल्यावर हात धुवायचं तस्त पुढे येतं आणि क्षणभर आजूबाजूचे सगळे गप्प होतात. त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी तह करायला तुम्ही स्वतः रामरायाच्या गोटात गेला होता. त्याने बसल्या जागेवरून हात पुढे केला. तुम्ही तो हातात घेतला आणि मग तिथेच पाणी मागवून, सगळ्यांच्या देखत आपले हात धुतले. रामराया कानडीत काय पुटपुटला ते नंतर कळलं: हा पाहुणा नसता तर याचे हात तोडून गळ्यात बांधले असते. मग त्यानेही पाणी मागवलं. हा सगळा खेळ करून कल्याणीचा किल्ला तुम्हाला द्यावाच लागला. तेव्हापासून पाणी हातावर पडलं की तुमचा जबडा आवळतो.

संध्याकाळ होते, पलिते लागतात, गच्चीवर गार वारा सुटतो. आता दिवसात पहिल्यांदाच गर्दी विरळ होते आणि ती येते.

खुंझा हुमायून. चांद आणि मुर्तजा हिचीच मुलं. पाठीवर लांब वेणी, हाताला मेंदीचा वास. ती वाकून सलाम करून दूर उभी राहत नाही. ती येऊन तख्तावर बसते, तुमच्या शेजारी, अगदी खेटून. दासी नजर वळवत नाहीत, म्हणजे हे रोजचंच आहे. सकाळपासून शेकडो माणसांनी तुमच्या पायाकडे, जाम्याच्या घोळाकडे, फार तर हनुवटीकडे बघितलंय. तुमच्या डोळ्याला डोळा भिडवणारं माणूस आत्ता पहिल्यांदा भेटतंय. ससाण्यानंतर दुसरं, पण हे टिकणारं. ती विडा लावते. कात, चुना, वेलदोडा. देते ते थेट तुमच्या हातात, आणि हा विडा आधी कुणी चाखून बघत नाही. नगरच्या किल्ल्यात तुम्ही बेधडक खाल्लेली ही एकमेव गोष्ट.

या बसण्याचं नवल वाटत नसेल तर आणखी थोडं बघा. मोगलांकडे असो, विजापूरला असो, तख्तावर बसलेल्या राजाला बिलगून राणी बसलीय असं चित्र सहसा कुणी काढत नाही. नगरला ते काढलं गेलं. आफताबी नावाच्या कवीने तुमच्यावर ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे फारसी काव्य रचलं. त्यात लढाया आहेत तशीच राणीची स्तुतीही आहे, आणि चित्रकारांनी तुम्हा दोघांना जोडीने तख्तावर बसवलंय. एका चित्रात सुंदर स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलतं, तो आपल्याकडचा जुना संकेतही आहे. इराणी थाटाचं पुस्तक आणि आत आपल्या देवळांच्या भिंतींवरचा दोहद! पाथरीच्या रक्ताला ते आवडलं असावं.

विडा चघळून संपवा, कारण इथून पुढे घाई आहे.

लग्नं लागतात, सनया थांबतात आणि त्याच हिवाळ्यात सासरा-जावई मिळून दक्षिणेला, रामरायावर, निघतात. तालिकोटच्या लढाईत तुम्ही मधल्या फळीत आहात. घशात धूळ, कानात तोफा, जिभेला लोखंडाची चव. तोफगोळे चालतात तोवर ठीक, पण विजयनगरचे लोक अगदी अंगावर आले तेव्हा तुमच्या गोलंदाजांनी तोफांत तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या ठासल्या. पैसा असा उधळताना तुम्ही कधी बघितला नसेल. नंतर रामरायाला धरून तुमच्यासमोर आणतात आणि तुम्ही त्याचं डोकं उडवायला सांगता. ते चित्रही आफताबीच्या पुस्तकात आहे. नजर वळवायची असेल तर वळवा, तुमच्याच अंगाने दिलेला हुकूम आहे.

नगरला परत आलात तेव्हा उन्हाळा आहे. दगडी किल्ला रात्रभर धग सोडतो. विजयाच्या मेजवान्या संपत नाहीत. दारू, मांस, पुन्हा दारू. मग एके दिवशी पलंगावरून उठवत नाही. हकीम नाडी धरतात, एकमेकांकडे बघतात आणि फारसीत हळू बोलतात, तुम्हाला फारसी येत नसल्यासारखे. उशाशी पुन्हा डझनभर माणसं, या वेळी सगळ्यांचे हात रिकामे. १५६५ चा जून. या अंगातून आता बाहेर पडा, लवकर.

पडलात? बरं. आता पुन्हा अनवाणी, गर्दीच्या मागे उभे राहा आणि दरबाराकडे बघा. तख्तावर पोरगेला मुर्तजा बसलाय, पण माणसं बोलताहेत पडद्याशी. अर्ज पडद्याशी जातो, हुकूम पडद्यामागून, खुंझाकडून, येतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ज्यांनी कधी तिच्याकडे मान वर करून बघितलं नव्हतं, ते अमीर आता कापडाच्या सुरकुत्यांत तिची मर्जी शोधताहेत. ती मोहिमांवर फौजेबरोबर जाते. आपल्या भावांना जहागिऱ्या देते, आणि हेच अमिरांच्या डोळ्यात खुपतं. कुजबूज मुर्तजाच्या कानापर्यंत पोचते. १५६९च्या सुमारास पोटच्या मुलाने आईला कैद केलं आणि राज्य आपल्या हाती घेतलं. तख्तावर तो, कोठडीत ती.

यानंतर कुणीतरी आफताबीचं पुस्तक उघडलं. अनेक चित्रांत राजाशेजारी राणी होती. तिच्यावर रंग फासला, ती पुसून टाकली. राजा जागच्या जागी राहिला. काही ठिकाणी तो आता एका धुरकट डागाला बिलगून बसलाय. हे पुस्तक पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. म्हणजे वरवंडहून दीड-दोन तासांच्या अंतरावर.

अशीच एक गोष्ट याआधीच तिकडे लंडनला घडली होती. १५५३च्या जुलैत लेडी जेन ग्रे नऊ दिवसांसाठी इंग्लंडची राणी झाली. तिचा नवरा गिल्डफर्ड डडली हा कोवळा पोरगा. मला राजा कर, म्हणून तो हटून बसला. सरदारकी देते, राजेपद नाही, असं तिने ठणकावलं. नऊ दिवसांनी दोघंही कैदेत. इकडे हुसेन नगरच्या गादीवर बसत होता, त्याच हिवाळ्यात तिकडे दोघांचीही मुंडकी उडाली. टॉवर ऑफ लंडनच्या भिंतीत चार रोमन अक्षरं कोरलेली आहेत: जेन. ती गिल्डफर्डने किंवा त्याच्या भावाने कोरली असं म्हणतात. तिथल्या नवऱ्याचं नाव आज कुणी घेतलंच तर बायकोमुळे घेतं. इथे उलटं झालं. नवऱ्याच्या नावाने किल्ला उभा आहे, लढाईचा विजय आहे, काव्य आहे, आणि बायकोच्या वाट्याला डाग.

तुम्ही मात्र त्याच्या अंगात दिवस काढून आलात. कट्यार कुठे टोचते, पुलाव किती गार होतो आणि चाखून न बघितलेला विडा कुणाच्या हातचा, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा यापुढे कुणी तालिकोटचा विजेता हुसेन निजामशहा, अशी छाती फुगवून सुरुवात केली, की तुम्ही शांतपणे विचारा: हुसेन म्हणजे खुंझा हुमायूनचा नवरा, तोच ना?